हिंगोलीचे ठग आणि ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’

बखर, पोवाडा, शकावली, सनद, खासगी पत्र व जमाखर्च यांचे साधन म्हणून दर्जे कसे लावावे, याची शिस्त आपल्या संशोधकांच्या चांगली अंगवळणीं पडलेली आहे. बोलपट या पंक्तीस अद्यापि कोणीं बसविलेला नाहीं, आणि बहुतेक बोलपटांच्या बाबतींत तें योग्यहि आहे. असें असतां प्रस्तुत लेखांत एका इंग्रजी बोलपटाची छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा बोलपट ठगांच्या गुन्ह्यांवर रचलेला असून त्याच्या नांवांत मुंबई आहे. परंतु त्या गुन्ह्यांपैकीं एक फार बोलका गुन्हा मुंबईचा नसून आमच्या मराठवाड्यांतील हिंगोलीचा आहे. परभणी जिल्ह्यांतील पूर्णा जंक्शनावर उतरून वसमतच्या बाजूनें जाणारी गाडी धरिली म्हणजे हिंगोली गांठतां येते. आणि १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. तेव्हां या विषयाची चौकशी करणें हें पूर्णेच्या व भोंवतालच्या संग्राहकांचें घरचें काम आहे, असें आम्ही समजतों.

(१) बोलपटाचें वर्णन

पोथीचें वर्णन देतांना नांव, कर्ता, काल व पत्रसंख्या प्रथम देण्याचा प्रघात आहे. तोच येथें पाळतों. नांव ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’, म्हणजे ‘मुंबईचे गळे आवळणारे’. काल इ. स. १९५९. निर्माती संस्था हॅमर फिल्म प्रॉडक्शन्स, वितरक कोलंबिया. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, निर्माता अँथनी हाइंड्स, लेखक डेव्हिड झेलाग गुडमन, छायालेखक आर्थर ग्रँट, संगीतकार जेम्स बर्नार्ड. लांबी सुमारें ८० मिनिटें, चित्र काळेंपांढरें. मुख्य भूमिका गाय रोल्फ या नटाची.

या संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अमेरिकन चित्रांच्या लोंढ्यापुढें स्वदेशी धंदा टिकावा म्हणून ब्रिटिश सरकारनें इ. स. १९२७ च्या कायद्यानें चित्रगृहांवर कांहीं ठराविक प्रमाणांत ब्रिटिश चित्रें दाखविण्याची सक्ती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर इ. स. १९४८ च्या कायद्याखालीं मुख्य चित्रांचें हें प्रमाण प्रथम शेंकडा ४५ ठरलें व इ. स. १९५० पर्यंत तें ३० वर आलें. चित्रगृहांना ब्रिटिश माल हवा, आणि छोट्या संस्थांपाशीं भांडवल नाहीं, अशा स्थितींत खून, चोरी व पोलिसी तपास हे विषय सोयीचे पडत. चार खोल्या, एक गल्ली व एक कचेरी एवढ्यांत ते उरकतां येतात. हॅमर ही अशाच स्वस्त गुन्हेपटांवर वाढलेली संस्था होय. इ. स. १९५७ व १९५८ सालीं फ्रँकेन्स्टाइन व ड्रॅक्युला यांवरील फिशरच्या रंगीत भयपटांनीं तिला एकाएकीं कीर्ति व पैसा मिळाला. प्रस्तुत बोलपट त्यानंतरचा असला तरी त्याचा सांगाडा जुन्या गुन्हेपटाचा आहे: माणसें नाहींशीं होतात, वरिष्ठ दुर्लक्ष करितात, आणि एक हट्टी अधिकारी माग काढीत जातो. त्यावर भयपटाचें कातडें चढविलेलें आहे. हिंदुस्थानचा देखावा इंग्लंडांतच उभा केलेला असून एतद्देशीयांच्या प्रमुख भूमिका बहुशः परकी नटांकडे आहेत. पुरोहित झालेला जॉर्ज पास्टेल हा सायप्रसचा. पटेल शारी झालेला मार्न मेटलंड हा मात्र कलकत्त्यास जन्मलेला होता.

(२) कथानक

काल इ. स. १८२० नंतरच्या दशकांतील कंपनीच्या अमलाचा. कॅप्टन ल्युइस नांवाच्या अधिकाऱ्यानें अनेक वर्षें बेपत्ता माणसांच्या नोंदी ठेविल्या आहेत व त्यांची संख्या हजारांच्या घरांत गेली आहे. त्याचा वरिष्ठ कर्नल हेंडरसन याला व्यापाऱ्यांचा माल व तांडे बुडतात याची चिंता अधिक. तपासाचें काम ल्युइसला न देतां विलायतेहून नव्यानें आलेल्या कॅप्टन कॉनॉट-स्मिथला दिलें जातें, तेव्हां ल्युइस नोकरी सोडून स्वतःच शोधास लागतो. ठग हे कालीच्या देवळांत एका महापुरोहिताच्या आज्ञेनें वागणारे दाखविले आहेत. एक मोठा तांडा ठगांच्या हातीं सांपडून कापला जातो; ल्युइस पकडला जाऊन चितेपर्यंत पोंचतो, सुटतो, आणि पुरोहिताचाच अंत अग्नींत होतो. या सर्व काळांत कर्नलच्या विश्वासांतला व गांवांत प्रतिष्ठित असा पटेल शारी हा आंतून ठगांना सामील असतो.

‘पटेल’ हा ग्रामाधिकाराचा शब्द येथें विशेषनामासारखा वापरला आहे, यावरूनच लेखकाची देशाची ओळख किती वरवरची होती हें दिसून येतें. तथापि या पात्राकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्याचें कारण पुढें येईल.

(३) मुंबईचें नांव व अस्सल कागद

ठगांच्या बंदोबस्ताचें जें मोठें प्रकरण इतिहासांत प्रसिद्ध आहे, त्याचें केंद्र मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें सागर-नर्मदा प्रांतांत, मुख्यतः जबलपुरास होतें. विल्यम स्लीमन हा त्याचा सूत्रधार. त्याचा ‘रामसीआना’ हा ग्रंथ इ. स. १८३६ त कलकत्त्यास छापला गेला. त्यांत ठगांच्या ‘रामासी’ नामक सांकेतिक बोलीचा कोश, कबुलीजबाब व मुकदम्यांचे कागद आहेत. त्याच वर्षींच्या तिसाव्या कायद्यानें कोणत्याहि ठगांच्या टोळींत असणें, मग तें कायदा होण्यापूर्वीं असो वा नंतर, हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. अमुक खून अमक्यानें केला हें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं. ठगी व डकैती यांचें स्वतंत्र खातें पुढें इ. स. १९०४ पर्यंत चाललें.

तेव्हां बोलपटाच्या नांवांतील मुंबई ही इंग्रज प्रेक्षकाच्या कानाला ओळखीची म्हणून घातलेली दिसते. नायक ल्युइस काल्पनिक आहे. स्लीमन पात्र म्हणून येत नाहीं, त्याचें नांव चित्राच्या अखेरीस पडद्यावर येतें. डोळे काढणें, जीभ छाटणें वगैरे जे क्रूर विधि दाखविले आहेत त्यांस या कागदांत आधार नाहीं. कागदांतले ठग शकुन पाहतात, खड्डे खणण्याच्या कुदळीची पूजा करितात व गूळ वाटून खातात. त्यांना आज्ञा देणारा एकच महापुरोहित व एकच देऊळ असें त्यांत कोठेंहि नाहीं. टोळ्यांत हिंदु व मुसलमान दोन्ही असत, ही गोष्टहि बोलपटानें गाळली आहे.

(४) हिंगोलीची हकीकत

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. हिंगोली ही निजामाच्या इंग्रजी अधिकाऱ्यांखालील फौजेची छावणी होती. त्या फौजेंत फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी होता. इ. स. १८०८ मध्यें जन्मलेला हा गृहस्थ लहान वयांत मुंबईस आला व पुढें निजामाच्या नोकरींत शिरून त्यानें दक्षिणेंत बहुतेक आयुष्य काढलें. शोरापूर व नळदुर्ग येथील त्याचा कारभार प्रसिद्ध आहे. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी इ. स. १८३९ सालीं लंडनास निघाली. कादंबरी काल्पनिक असली तरी तिची प्रस्तावना हें स्वतंत्र साधन आहे, कारण तींत टेलर स्वतः पाहिलेलें सांगतो.

त्या प्रस्तावनेंतील हिंगोलीची हकीकत आमच्या शब्दांत अशी. त्या भागांतील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा हिंगोलीचा अब्रूदार व्यापारी होता. खुद्द टेलरनें व इतर अनेकांनीं त्याच्याशीं देवघेव केलेली होती. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, हें हरीसिंगास कळलें. त्यानें मुलकी काम पाहणारा कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडे जाऊन मुंबईहून कापड आणण्याचा परवाना आपल्या नांवें मागून घेतला. मग वाटेंत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व बैलवाल्यांस ठार केलें, परवाना दाखवून माल हिंगोलीस आणिला आणि भर छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच हें थट्टेचा विषय म्हणून सांगितलें. न सांगता तर तें कोणास कळलेंहि नसतें, असें टेलर म्हणतो. याच टोळीनें छावणीच्या बाजारांत, मुख्य चौकीपासून सुमारें शंभर यार्डांच्या आंत, अनेकांचे जीव घेतले व प्रेतें पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं. माफीच्या साक्षीदारांनीं दाखविलेले हे खड्डे उकरले जात असतां टेलर हजर होता. एकेका खड्ड्यांत अनेक प्रेतें निघूं लागलीं तेव्हां शिसारी येऊन पाहणारांनीं काम थांबविलें.

बोलपटांतील पटेल शारी व हिंगोलीचा हरीसिंग यांची तुलना येथें आपोआप सुचते. अंमलदारांच्या बैठकींत उठबस असलेला, ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाहीं असा प्रतिष्ठित मनुष्यच गुन्ह्याचा आंतला आधार, ही कल्पना बोलपटांत नाट्यासाठीं आली असेल. परंतु तिला हिंगोलींत तंतोतंत जोड आहे. तीच गोष्ट कर्नलच्या मालाविषयींच्या चिंतेची. हिंगोलींत सरकारी परवान्यानें मालाला वाट दिली. मालाचा धनी पोंचला कीं नाहीं हें विचारण्याचें परवान्याचें कामच नव्हतें. या दोन बाबतींत बोलपट खरा आहे. जेथें तो रंगतो, म्हणजे देऊळ, चिता व पुरोहित, तेथेंच तो सर्वांत लटका आहे. हिंगोलीच्या प्रकरणांत देऊळ येत नाहीं. दुकान, परवाना व बाजारभाव येतात.

(५) साक्षीची प्रत

परंतु बोलपट लटका म्हणून कागद निखालस खरे, असें मानण्याची घाई आम्ही करणार नाहीं. स्लीमनच्या पद्धतीचा मुख्य आधार माफीचे साक्षीदार हा होता. पकडलेल्या ठगाचा जीव वांचे तो साथीदारांचीं नांवें सांगण्याच्या अटीवर. जितकीं नांवें अधिक, जितकी हकीकत विस्तृत, तितकी त्याची उपयुक्तता अधिक. टेलरच्या प्रस्तावनेंतील तक्त्याप्रमाणें इ. स. १८३१ ते १८३७ या अवधींत ३,२६६ इसमांची वासलात लागली. त्यांत फांशी गेलेले ४१२ व काळ्या पाण्यावर पाठविलेले १,०५९ होते. एवढा मोठा निवाडा ज्या साक्षींवर उभा आहे, त्यांची पारख कसोशीनें झाली पाहिजे.

पारखीचा एक सोपा दाखला मराठवाड्यांतच आहे. ‘रामसीआना’ ग्रंथांत फिरंगिया वगैरे साक्षीदार सांगतात कीं, वेरूळच्या लेण्यांत सर्व धंदे कोरलेले असून त्यांत ठगाचा धंदाहि आहे, गळ्यास रुमाल घालणारा ठग तेथें दिसतो. वेरूळचीं लेणीं बौद्ध, ब्राह्मणी व जैन आहेत, त्यांतील शिल्पांचे विषय ठरलेले आहेत, व त्यांत ठगाचा रुमाल नाहीं. साक्षीदार खोटें बोलला असेंच म्हटलें पाहिजे असें नाहीं. आपल्या धंद्याला दैवी मूळ आहे अशी समजूत त्यांच्यांत रूढ असेल. परंतु विचारणारा इंग्रज अधिकारी धर्माविषयीं विचारी, आणि सांगणारा धर्माचें सांगे. पुढें एकशें तेवीस वर्षांनीं बोलपटांत जें देऊळ उभें राहिलें, त्याचा पाया अशाच प्रश्नोत्तरांत घातला गेला.

अर्वाचीन संशोधकांनीं हा धागा बराच उलगडला आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनीं इ. स. १९६९ मध्यें माळव्यांतील लुटारू टोळ्या व तेथील लहानमोठ्या सत्ता यांचा संबंध दाखवून ठगांना धर्मपंथाच्या चौकटींतून बाहेर काढिलें. राधिका सिंघा यांनीं इ. स. १९९८ च्या आपल्या ग्रंथांत कंपनीच्या कायद्यानें या निमित्तानें पुराव्याचे नियम कसे सैल केले तें मांडिलें. किम वाग्नर यांनीं इ. स. २००७ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, ठगी ही इंग्रजांची निव्वळ कल्पना नव्हे. वाटसरूंचे असे खून होत होते, परंतु त्यांचें चित्र अधिकाऱ्यांच्या लेखणीनें विपरीत झालें. आम्हांस हें शेवटचें मत हिंगोलीच्या प्रकरणाशीं विशेष जुळतें असें वाटतें.

कारण हिंगोलीच्या पुराव्याचे तीन थर स्वच्छ वेगळे करतां येतात. खड्ड्यांतलीं प्रेतें हा प्रत्यक्ष पुरावा. तीं निघतांना पाहणारा मनुष्य स्वतः लिहितो. हरीसिंगाशीं देवघेव असणें हाहि टेलरचा प्रत्यक्ष अनुभव. परंतु परवाना व कापड यांची गोष्ट हरीसिंगाच्या कबुलीवर आणि टेलरनें ती सांगण्यावर अवलंबून आहे. ती असंभाव्य नाहीं. तथापि तिला दुसऱ्या बाजूचा कागद मिळाल्यावांचून ती सिद्ध झाली असें म्हणतां येणार नाहीं.

(६) काय शोधावयाचें

येथें आम्ही मूळ मुद्द्यावर येतों. टेलरच्या हकीकतींत ठगाचें नांव आहे, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव आहे. मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याचें नांव नाहीं, त्याच्या गांवाचेंहि नाहीं. बैलवाले व नोकर तर संख्येनेंहि दिलेले नाहींत. बोलपटांत हेंच अधिक ढोबळ रीतीनें झालें आहे: नाहींशीं झालेलीं माणसें म्हणजे केवळ एक आंकडा, आणि अखेर पडद्यावर येतें तें स्लीमनचें नांव. पकडणारा व मारणारा दोघेहि इतिहासांत राहिले. मेला तो नाहींसा झाला.

हा दोष इंग्रजी कागदांनीं दूर होणें कठीण, कारण ते गुन्हेगारास शोधण्यासाठींच लिहिले गेले. मृताचें नांव असेल तर तें व्यापाऱ्याच्या पेढीच्या वहींत असेल. वसमत, पूर्णा, नांदेड, परभणी, हिंगोली, वाशीम या टापूंतील जुन्या सावकारी व कापडाच्या घराण्यांत इ. स. १८२० ते १८४० या काळच्या रोजकीर्दी, खातेवह्या, हुंड्यांच्या नकला, जकातीच्या पावत्या व राहदारीचे परवाने मोडी, फारशी वा महाजनी लिपींत असण्याचा संभव आहे. त्यांत पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. एक, मुंबईच्या आडत्याकडे रक्कम पोंचल्याची नोंद असून माल आल्याची नोंद नसणें. दोन, चालू खातें एकाएकीं थांबून पुढें भाऊ, मुलगा वा विधवा यांच्या नांवें बाकी ओढली जाणें. तीन, बैलवाल्यांस दिलेली उचल कधींच न फिटणें. चार, परवान्यावरील नांव एक व मालाच्या बीजकावरील नांव दुसरें असणें. यांतील कोणतीहि एक गोष्ट एकटी कांहीं सिद्ध करीत नाहीं. माणूस तापानेंहि मरतो व दिवाळेंहि निघतें. परंतु दोन-तीन नोंदी एकाच हंगामांत एकाच घरीं जुळल्या तर हरीसिंगाच्या कबुलीस प्रथमच स्वतंत्र आधार मिळेल, अगर ती थट्टा निव्वळ फुशारकी होती असें ठरेल. दोन्हींपैकीं कोणताहि निकाल लागला तरी तो मोलाचाच.

अशा वह्या रद्दींत जातात याचें कारण त्यांत राजेरजवाडे नसतात. लढाई नाहीं, मोहोर नाहीं, सही ओळखीची नाहीं, म्हणून संग्राहकहि त्या बाजूला सारितात. तेव्हां आमची सूचना अशी कीं, वरील काळची वही हातीं आल्यास ती फोडूं नये, सुटीं पानें निवडून ठेवूं नयेत. घराण्याचें नांव, गांव, वही कोठून मिळाली व तिच्याबरोबर दुसरें काय होतें हें प्रथम टिपून ठेवावें. वहीची किंमत तिच्या अखंडपणांत आहे, कारण आपण शोधणार ती गोष्ट लिहिलेली नोंद नसून न लिहिलेली नोंद आहे, आणि गळालेलें पान व न झालेली जमा यांतील फरक अखंड वहींतच कळतो.

बोलपटाविषयीं शेवटचें सांगणें एवढेंच. इतिहासाचें साधन म्हणून तो ठगांसंबंधीं कांहीं नवें सांगत नाहीं. परंतु इ. स. १८३६ चे कबुलीजबाब इ. स. १९५९ पर्यंत लोकांच्या मनांत कोणत्या रूपानें टिकले, याचें तें विश्वसनीय साधन आहे, आणि त्या दृष्टीनें त्याची नोंद ठगीविषयक साधनांच्या यादींत, दुय्यम वर्गांत का होईना, करावी असें आमचें मत आहे. पहिल्या वर्गांतली जागा मात्र आम्हीं रिकामी ठेविली आहे. ती मुंबईहून कापड घेऊन निघालेल्या त्या निनांवी व्यापाऱ्याच्या वहीची आहे. ती पूर्णेच्या आसपास एखाद्या माळ्यावर असल्यास उजेडांत यावी.